कोरीव लेखांचे जतन आणि त्यांचे लोकवाचन

१

ऐतिहासिक स्थळांच्या संरक्षणाचा विचार आपल्याकडे बहुधा वास्तूच्या अंगाने केला जातो. किल्ल्याचा तट ढासळला, लेण्यात पाणी झिरपू लागले किंवा मंदिराचे शिखर भंगले म्हणजे लोकांचे आणि शासनाचेही लक्ष तिकडे वेधते. परंतु त्याच दरवाजावर, लेण्याच्या भिंतीवर वा मंदिराच्या पायरीवर कोरलेली चार अक्षरे पुसट झाली, तर ती हानी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तूची पडझड कोणालाही दिसते. अक्षराची झीज फक्त वाचणाऱ्याला दिसते, आणि वाचणारे थोडे असतात.

कायद्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास वास्तू आणि लेख यांच्यात असा भेद नाही. १९०४ च्या कायद्याने प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाची जी चौकट या देशात घातली, तिची जागा पुढे १९५८ च्या कायद्याने घेतली. या दुसऱ्या कायद्यात प्राचीन स्मारकाची व्याख्या करताना इमारत, लेणे, शिल्प यांच्याबरोबरीने कोरीव लेखाचाही स्पष्ट उल्लेख केलेला आहे; त्याला ऐतिहासिक महत्त्व असावे आणि तो किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावा, एवढीच अट आहे. तेव्हा शिलालेख हा स्वतःच एक स्मारक होय, ही गोष्ट तत्त्वतः मान्य झालेली आहे. प्रश्न आहे तो व्यवहाराचा. दगड सुस्थितीत ठेवला म्हणजे लेख जतन झाला असे मानावयाचे काय?

प्रस्तुत निबंधात असे दाखवावयाचे आहे की, लेखाच्या जतनाची तीन अंगे आहेत: अक्षर, स्थान आणि वाचन. यांपैकी तिसरे अंग, म्हणजे सर्वसामान्य माणसास लेखाचा अर्थ त्याच्या भाषेत कळणे, हे संरक्षणाचे काम आटोपल्यावर करावयाचे शोभेचे काम मानले जाते. वस्तुतः पहिली दोन अंगे पुष्कळ अंशी याच तिसऱ्यावर अवलंबून असतात. महाराष्ट्रातील व महाराष्ट्राबाहेरील काही परिचित लेखांचा इतिहास या दृष्टीने तपासला असता हे स्पष्ट होईल.

२

प्रथम एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे लेख कोणासाठी कोरले गेले? ते केवळ देवतेसाठी किंवा भावी इतिहासकारासाठी कोरलेले नाहीत. त्यांपैकी पुष्कळांना तत्कालीन लोकांना काहीतरी सांगावयाचे होते, आणि हे त्यांच्या भाषेवरूनच सिद्ध होते.

चाळीसगावजवळील पाटण येथील लेख या बाबतीत फार बोलका आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आपल्या आजाच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव याने त्या मठास उत्पन्न लावून दिले. लेख शके ११२८ चा आहे. त्यातील वंशवर्णन, विद्वानांची स्तुती आणि राजाचे गुणगान हे सर्व संस्कृत श्लोकांत आहे. परंतु प्रत्यक्ष देणगीचा तपशील सुरू होताच भाषा पालटते. पाटणच्या बाजारात जे ‘केणें’ म्हणजे विक्रीचा माल उघडला जाईल, त्यावरील राजाकडे जाणारे येणे मठास दिले आहे, हे मराठीत सांगितलेले आहे. ‘दीन्हला’ हे क्रियापद तेथे येते. राजाची कीर्ती संस्कृतात सांगितली तरी चालण्यासारखे होते. पण ज्या व्यापाऱ्याने आणि गिऱ्हाइकाने तो कर भरावयाचा, त्याला तो समजणे अवश्य होते. भाषेतील हा पालट आकस्मिक नाही. लेखाचा कोणता भाग कोणत्या वाचकासाठी होता, याची ती खूण आहे.

मुंबईतील परळ येथे सापडलेल्या, शिलाहार राजा अपरादित्य याच्या शके ११०८ च्या लेखातही हाच प्रकार आढळतो. दानाचा मुख्य मजकूर संस्कृतात आहे आणि दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मराठीत आहे. ‘जो कोणु’ हे शासन लोपील, त्याच्यावर देवाचा कोप सहकुटुंब पडो, असा त्या शापाचा आरंभ असून पुढील भाग इतका रांगडा आहे की छापील पुस्तकांतून तो देताना संपादकांस संकोच वाटावा. शाप ज्याला द्यावयाचा त्याला तो कळला नाही तर त्याचा उपयोग काय? म्हणून तो लोकभाषेत, आणि तोही त्या भाषेच्या सर्वांत उघड्या रूपात आला. ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांच्यासाठी याहून पुढची सोय होती. कोकणात, गोव्यात व देशावरही आढळणाऱ्या ‘गधेगाळ’ नावाच्या शिळांवर हाच शाप चित्ररूपाने कोरलेला असतो, आणि वर चंद्र-सूर्य असतात. दान चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकावे हा त्यांचा अर्थ.

श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांजवळ कोरलेली वाक्ये आणखी एक पुरावा देतात. ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे मराठी वाक्य सर्वांस परिचित आहे. पण त्याच्याच अर्थाची वाक्ये तेथे कानडीत आणि तमिळातही आहेत, ही गोष्ट मराठी वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटते. मूर्ती एक, कर्ता एक, परंतु येणाऱ्या यात्रेकरूंच्या भाषा अनेक. एकच वृत्त त्या त्या लिपीत व भाषेत देण्याची ही योजना, आजच्या संग्रहालयांतील अनेकभाषी फलकांच्या कित्येक शतके आधीची आहे.

आणि शेवटचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. भीमा व सीना यांच्या संगमावर, सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. जो वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे मराठी वाक्य त्यात आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने देवाकडे राज्य वा धन मागितले नाही. अनोळखी वाचकाला त्याने शुभेच्छा दिली. आपला लेख वाचला जावा, ही त्याची अपेक्षा दगडातच कोरलेली आहे. असा लेख केवळ सुरक्षित ठेवणे आणि तो कोणी वाचू नये अशा स्थितीत ठेवणे, हे त्याच्या मूळ हेतूचे अर्धेच पालन होय.

३

अक्षरे नष्ट कशी होतात, हे आता पाहू. ऊन, पाऊस, समुद्राची खारी हवा आणि दगडावर वाढणारे शेवाळ ही नैसर्गिक कारणे सर्वत्र सारखीच आहेत. माणसामुळे होणारी हानी मात्र निरनिराळ्या प्रकारची असते आणि तिच्यातील बराचसा भाग दुष्टपणाने झालेला नसतो.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील ‘चौऱ्यांशीचा लेख’ हे याचे विलक्षण उदाहरण आहे. शके ११९५ पासून पुढे काही वर्षे मंदिरास मिळालेल्या देणग्या त्यात नोंदलेल्या आहेत. यादव राजा रामचंद्र आणि त्याचा प्रख्यात अधिकारी हेमाद्री यांच्याबरोबर कितीतरी साध्या भक्तांची नावे त्या एकाच शिळेवर आहेत. विठ्ठलभक्तीच्या प्रसाराचा त्या काळातील असा दुसरा दस्तऐवज नाही असे म्हटले तरी चालेल. परंतु मध्यंतरी या लेखाचा अर्थ लोकांच्या स्मरणातून गेला आणि त्याच्या जागी एक श्रद्धा आली: या शिळेला पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी तीवर पाठ घासली आणि अक्षरे झिजत गेली. ज्या शिळेवर भक्तांची नावे होती, ती भक्तांच्याच पाठींनी पुसली.

या घटनेवरून भाविकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. त्यांनी शिळेचा अनादर केला नाही. उलट तिला पवित्र मानले, आणि त्यामुळेच ती सातशे वर्षे जागची हलली नाही. कित्येक ठिकाणी लेखांच्या शिळा पायरीला, विहिरीच्या काठाला किंवा धुणे धुण्यास गेल्या. पंढरपूरची शिळा श्रद्धेने वाचली. दोष असेल तर तो एवढाच की, शिळेचे स्थान श्रद्धेने राखले आणि वाचनाची परंपरा मात्र कोणी राखली नाही. शिळेवर आपल्यासारख्याच भक्तांची नावे आहेत, हे जर वारकऱ्याला माहीत असते, तर त्याने तिला पाठ लावली असती की हात जोडले असते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

याच्या उलट बाजूचे दर्शन नाणेघाटात घडते. जुन्नर व कल्याण यांना जोडणाऱ्या या प्राचीन घाटवाटेवरील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. तो विल्यम साइक्स याच्या पाहण्यात १८२८ साली आला. भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकचिन्हांचा अभ्यास केला आणि ब्यूलर याने १८८३ साली त्याचे वाचन प्रसिद्ध केले. लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या आणि प्रत्येकीच्या वर तिचे नाव कोरलेले होते. त्या प्रतिमा आज नाहीत; पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नावे मात्र उरली. सिमुक कोण, नागनिका व सातकर्णी कोण, ‘महारठि’ ही पदवी कोणाची, हे त्या नावांवरून कळते. अक्षरे नसती तर त्या भिंतीवर काही अज्ञात मूर्तींचे अवशेष होते, इतकेच म्हणता आले असते. एरवी शिल्प पाहून लेख विसरणारा प्रेक्षक येथे नेमक्या उलट परिस्थितीत उभा असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्या मागणीच्या पुराव्यांत या लेखाला मानाचे स्थान होते. भाषेच्या प्राचीनतेचा असा आधार डोंगरातल्या उघड्या लेण्याच्या भिंतीवर आहे, ही जाणीव तेथे जाणाऱ्या प्रत्येक गिरिभ्रमण करणाऱ्यास असते असे मात्र म्हणता येणार नाही.

हानीचा आणखी एक प्रकार वाचण्याच्या उत्साहातून उद्भवतो. अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांत खडू वा रंग भरण्याची प्रथा बरीच जुनी आहे. रंग भरणाऱ्यास जेथे अक्षर स्पष्ट दिसत नाही तेथे तो अंदाजाने रेघ ओढतो, आणि ती अंदाजाची रेघ पुढच्या वाचकाला मूळ अक्षर वाटू लागते. अशा रीतीने चुकीचा पाठ दगडावर पक्का होतो. जीर्णोद्धाराच्या वेळी यंत्राने वाळूचा मारा करून दगड स्वच्छ करणे, अथवा लेखावरच चुना व तैलरंग देणे, यांचा परिणाम याहूनही वाईट होतो. कारण तेथे चुकीचा पाठही उरत नाही. या सर्व प्रकारांत एक समान सूत्र आहे. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आपण कशाला हात लावीत आहोत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

४

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैरवाजवी नाही. स्थळाची माहिती लोकांत पसरली की गर्दी वाढते, गर्दी वाढली की हात लागतात, भिंतींवर नावे खरडली जातात. यास्तव काही लेख अज्ञात राहणेच त्यांच्या हिताचे नव्हे काय? संशोधकांपैकी काहींचा कल या मताकडे असतो, आणि अनुभवाने पोळलेल्या माणसाची ती सावधगिरी समजण्यासारखी आहे.

तथापि अज्ञातवास हे संरक्षण तात्पुरते असते. रस्ता रुंद होतो, शेताचा बांध फुटतो, देवळाचा जीर्णोद्धार निघतो, आणि त्या वेळी शिळेच्या बाजूने बोलणारा कोणी गावात नसला तर ती भरावात जाते. सरकारी खाते प्रत्येक शिळेजवळ पहारेकरी ठेवू शकत नाही. ज्या शिळेचा अर्थ गावाला माहीत आहे, तिला गावच पहारेकरी असते.

रायगडाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स डग्लस याच्या ग्रंथात शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुरवस्थेविषयी खेद व्यक्त झाला होता. पुढे १८९५ पासून टिळकांनी हा विषय लोकांसमोर आणला, निधी जमविला आणि १८९६ साली गडावर उत्सव भरविला. समाधीचा जीर्णोद्धार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. म्हणजे आधी लोकांना स्थळ कळले, मग ते आपले वाटले आणि मग त्याची दुरुस्ती झाली. कायदा, खाते आणि अंदाजपत्रक ही या क्रमात मागून आली.

त्याच गडावर, जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर, ‘सेवेचे ठायी तत्पर’ असे म्हणून मंदिर उभारणाऱ्या हिरोजीने आपले नाव कोरले आहे. शेजारीच भिंतीत मोठा संस्कृत लेखही आहे, पण लोकांच्या तोंडी बसली ती पायरीवरची मराठी ओळ. गडावर येणारा साधा माणूस ती वाकून पाहतो, मुलांना दाखवितो, आणि पायरी ओलांडताना तिच्यावर पाय पडू नये म्हणून जपतो. ही शिस्त कोणत्याही सूचनाफलकाने आणलेली नाही. ओळीचा अर्थ कळल्याने ती आली. या ओळीतील आडनाव लोक ‘इंदुलकर’ असे म्हणतात, तर दगडावर ‘इटळकर’ असे वाचणारे अभ्यासकही आहेत. हा वाद चालू राहू शकतो, कारण पायरी जागेवर आहे आणि अक्षरे डोळ्यांसमोर आहेत.

पंढरपूर आणि रायगड या दोन्ही ठिकाणी लोक लाखांनी येतात. दोन्हींकडे श्रद्धा आहे. एका ठिकाणी अर्थ विसरला गेला आणि अक्षरे झिजली. दुसऱ्या ठिकाणी अर्थ ठाऊक राहिला आणि अक्षरे जपली गेली. गर्दीपेक्षा अज्ञान अधिक घातक असते, या विधानाला याहून अधिक पुराव्याची आवश्यकता नसावी.

५

लोकांना लेख समजावून सांगावयाचा म्हणजे काय सांगावयाचे, हा पुढील प्रश्न होय. येथे संशोधकांवर एक जबाबदारी येते. वाचन हे नेहमीच अंतिम नसते आणि त्याची अनिश्चितताही लोकांपर्यंत पोहोचली पाहिजे.

श्रवणबेळगोळचे वाक्य हा मराठीतील आद्य कोरीव लेख म्हणून दीर्घकाळ शिकविला गेला. इ. स. ९८३ हे त्याचे वर्ष अनेकांना पाठ असते. परंतु त्याच्याच खाली गंगराजाने सभोवारचे आवार बांधविल्याचे दुसरे वाक्य आहे, आणि गंगराज हा होयसळांचा बाराव्या शतकातील सेनापती. या दोन्ही ओळी एकाच वेळी, म्हणजे बाराव्या शतकात, कोरल्या गेल्या असाव्यात असेही मत मांडले गेले आहे. ते मान्य केल्यास ९८३ हे वर्ष मूर्तीचे ठरते, वाक्याचे नव्हे.

अलिबागजवळील अक्षी येथील लेखाची कथा अशीच आहे. शिलाहार राजा केसीदेव याच्या काळातील या लेखात देवी महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य दिल्याची नोंद आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातील काल शके ९३४ असा वाचला आणि त्यामुळे इ. स. १०१२ चा हा लेख मराठीतील सर्वांत जुना ठरला. दुसऱ्या एका वाचनानुसार तो शके ११३२ चा, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे अलीकडचा आहे. केसीदेव या नावाचे दोन शिलाहार राजे झाल्यामुळे राजाच्या नावावरूनही हा वाद मिटत नाही. पहिले वाचन स्वीकारले तर अक्षीचा मान आद्य लेखाचा. दुसरे स्वीकारले तर तो मान कुडलच्या लेखाकडे जातो. मराठीच्या लिखित इतिहासाचा आरंभ कोकणच्या किनाऱ्यावर दाखवावयाचा की भीमाकाठी, हे अशा रीतीने झिजलेल्या दगडावरील दोन-चार अंकांवर अवलंबून आहे. आणि ही शिळा अनेक वर्षे समुद्रकाठच्या गावात रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी होती. हा वाद केव्हातरी सुटावयाचा असेल तर तो त्या अंकांवरूनच सुटेल. ते अंक नाहीसे झाले तर पक्ष आणि प्रतिपक्ष दोघेही कायमचे निराधार होतील.

वाचनाच्या प्रश्नाची एक वेगळी बाजू तंजावर येथे दिसते. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. कोरीव मराठीचा एवढा दीर्घ नमुना अन्यत्र नाही. मंदिर १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असल्यामुळे दगडाच्या संरक्षणाविषयी तक्रारीस जागा कमी आहे. परंतु त्या भिंतीसमोरून जाणाऱ्या बहुसंख्य लोकांची भाषा तमिळ आहे, आणि मराठी प्रवासी तेथे पोहोचतो तो राजराज चोळाचे शिखर पाहण्यासाठी. अक्षर आहे, स्थान आहे, पण वाचक नाही. तेव्हा अशा ठिकाणी लेख समजावून द्यावयाचा तर तो मराठीइतकाच तमिळातही दिला पाहिजे. चावुंडरायाच्या काळी जी दृष्टी गोमटेश्वराच्या चरणांशी दाखविली गेली, तीच येथे उलट दिशेने दाखवावी लागेल.

६

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात.

अक्षराच्या रक्षणासाठी पहिले साधन म्हणजे ठसा. दगड मऊ कुंचल्याने व पाण्याने स्वच्छ करावा, त्यावर ओला कागद बसवावा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवावा आणि मग शाईची गादी हलक्या हाताने फिरवावी, म्हणजे काळ्या पृष्ठावर पांढरी अक्षरे उमटतात. या जुन्या पद्धतीला आता छायाचित्रणाची व त्रिमित मोजणीची जोड मिळाली आहे. ठराविक वर्षांनी असे ठसे व छायाचित्रे घेऊन ती ताडून पाहिली, तर झीज किती व कोठे होत आहे हे कळेल. एकदा घेतलेला ठसा हा लेखाच्या त्या दिवशीच्या स्थितीचा साक्षीदार असतो. कोणी पुढे रंग भरला, तरी मूळ पाठ त्यावरून सिद्ध करता येतो.

स्थानाविषयी नियम असा असावा की, धोका अटळ असल्याशिवाय शिळा हलवू नये. संग्रहालयात दगड सुरक्षित राहतो यात शंका नाही; पण दानलेखांत गावांची, ओढ्यांची, शेतांची आणि देवतांची नावे असतात. ती नावे आजही आसपासच्या लोकांच्या उच्चारात कोठेतरी जिवंत असतात, आणि पुसट अक्षर लावण्याच्या कामी तो उच्चारच पुष्कळदा उपयोगी पडतो. शिळा शहरात गेली की हा धागा तुटतो. हलविणे भागच पडले तर तिच्या मूळ जागी प्रतिकृती ठेवून तसे नमूद करावे.

वाचनाच्या बाबतीत प्रत्येक महत्त्वाच्या लेखाजवळ एक वाचनफलक असावा आणि त्यात चार गोष्टी असाव्यात: लेखाचा पाठ आजच्या देवनागरीत जसाच्या तसा, शब्द तोडून दिलेला पाठ, आजच्या मराठीतील अर्थ, आणि कोणती अक्षरे अनिश्चित आहेत व कोणते वाचन कोणी केले याची एक ओळ. ‘मराठीतील पहिला शिलालेख’ असे ठळक अक्षरांत लिहून मोकळे होण्याचा मोह अशा फलकावर टाळला पाहिजे. शंका लोकांना कळली तर त्यांचा विश्वास उडेल, ही भीती व्यर्थ आहे. आपल्या गावच्या दगडावर दोन विद्वानांचे एकमत नाही, हे कळल्यावर त्या दगडाविषयीचे कुतूहल वाढते, आणि पुसट अंकावर कोणी रंग फासू लागल्यास त्याला अडविण्याचे कारणही गावाला मिळते.

हे काम एकट्या पुरातत्त्व खात्याचे नाही. डॉ. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा संग्रह १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला, ग. ह. खरे व वा. वि. मिराशी यांच्यासारख्यांनी लेखांच्या वाचनास आयुष्य दिले. त्यांचे ग्रंथ ग्रंथालयांत आहेत, आणि ज्या गावांचे लेख त्यांत आहेत त्या गावांपर्यंत ते पोहोचलेले नाहीत. विद्यापीठांतील भाषा व इतिहास या विभागांनी आपल्या परिसरातील लेखांचे पाठ पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून पुन्हा ताडून घ्यावेत, आणि तो पाठ, अर्थासह, त्या गावच्या शाळेत व ग्रामपंचायतीत ठेवावा. विद्यार्थ्याला यातून प्राचीन मराठीचे व्याकरण पुस्तकाबाहेर भेटेल. ‘करवियलें’, ‘दीन्हला’, ‘केणें’ हे शब्द दगडावर बोट न लावता, पण दगडासमोर उभे राहून वाचलेल्या विद्यार्थ्याला भाषेच्या इतिहासाविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. आणि जुन्या लिप्या वाचणाऱ्यांची परंपरा खंडित झाली, तर उत्तम स्थितीत राखलेल्या शिळाही पंढरपूरच्या शिळेसारख्या मुक्या होतील, ही गोष्टही विभागांनी विसरू नये.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. या मानामुळे तट-बुरुजांच्या दुरुस्तीला बळ मिळेल, हे योग्यच आहे. त्याच वेळी त्या तटांवरील, मंदिरांतील आणि वाटांवरील अक्षरांची नोंद झाली पाहिजे. तट पुन्हा बांधता येतो, निदान त्याचा आराखडा अनुमानाने काढता येतो. शके ९३४ की शके ११३२, हे मात्र अनुमानाने ठरविता येत नाही. त्यासाठी अक्षीच्या दगडावरचे अंकच शाबूत असावे लागतात. ते अंक शाबूत ठेवण्याची खरी हमी, त्या गावातून जाणाऱ्या माणसाला त्यांचा अर्थ ठाऊक असण्यात आहे.